सही कोण करणार?

सांगलीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान असलेले एक गृहस्थ आहेत असं समजा. त्यांना आपण अण्णा म्हणू. अण्णांनी आयुष्यात तीन भांडणं केली. पहिलं बांधाचं, चुलतभावाशी. गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी मोजणीचा नकाशा पुढ्यात घेऊन ते एका दुपारी मिटवलं. अण्णांनी हातभर जमीन सोडली, भावाने विहिरीकडची वाट सोडली. दुसरं भांडण बँकेशी, थकलेल्या कर्जाचं. तेही ‘वन टाइम सेटलमेंट’मध्ये सुटलं. व्याजाचा मोठा भाग बँकेने सोडला, मुद्दल अण्णांनी चार हप्त्यांत भरलं. तिसरं मात्र इन्कम टॅक्सचं. ते दहा वर्षं झाली तरी संपेना.

शेवटी वैतागून अण्णा आपल्या सीएला म्हणाले, “अरे, भाऊबंद ऐकतात, बँक ऐकते, मग हेच का ऐकत नाहीत? मधला आकडा काढ. चेक लिहून देतो.”

सीए मित्राचाच मुलगा. तो म्हणाला, “अण्णा, मनातून साहेबांनाही पटलं असेल. पण मधल्या आकड्यावर सही कोण करणार?”

करवाद कोर्टाबाहेर मिटवण्याच्या आजवर जितक्या वाटा शोधल्या गेल्या, त्या सगळ्या या एका प्रश्नाची उत्तरं आहेत.

भांडण होतं कशाचं?

अण्णा काल्पनिक असले तरी त्यांचं भांडण महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांना नवं नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी राज्याच्या विक्रीकर विभागाने संशयित ‘हवाला’ डीलरांच्या याद्या जाहीर केल्या. हे लोक माल न देता नुसती बिलं विकायचे. त्या याद्या आयकर विभागाकडे गेल्या आणि ज्यांच्या वह्यांत या डीलरांची बिलं होती, त्यांना नोटिसा निघाल्या.

अण्णांच्या २००९-१० च्या खात्यात अशी ४० लाखांची बिलं निघाली. अधिकारी म्हणाले, बिलं बोगस, म्हणजे खरेदीच बोगस. ४० लाखांचा खर्च नामंजूर झाला आणि तेवढंच उत्पन्न वाढलं. त्या वर्षीच्या ३० टक्के दराने आणि त्यावरच्या ३ टक्के उपकराने कर झाला १२,३६,००० रुपये. व्याज वेगळं, दंड आणखी वेगळा.

अण्णांचं म्हणणं असं: “माल मी विकलाय. गिऱ्हाइकाची बिलं आहेत, बँकेत पैसे जमा आहेत. विकलेला माल आकाशातून पडला का?” युक्तिवाद बिनतोड आहे, पण अर्धाच. माल आला होता हे खरं, तो बिल देणाऱ्याकडून आला नव्हता हेही खरं. तो कुठून तरी रोखीने, बिलाविना, थोडा स्वस्तात आला असणार. मग कर कशावर लागावा? स्वस्तात घेतल्याने जो जादा नफा सुटला, त्यावर. अशा कित्येक प्रकरणांत आयकर अपील न्यायाधिकरणाने खरेदीच्या साडेबारा टक्क्यांच्या आसपास नफा धरला. अर्थात काही प्रकरणांत पुरावा फारच लंगडा असल्याने सगळीच रक्कम उत्पन्न ठरली. पण अण्णांना साडेबारा टक्के लागले असं धरू. ४० लाखांचे साडेबारा टक्के म्हणजे ५ लाख, त्यावर कर १,५४,५००.

एकीकडे १२,३६,०००, दुसरीकडे १,५४,५००. कायदा दोघांनाही मान्य आहे, वाद आहे तो ‘किती’चा. बांधाच्या वादासारखाच हा मोजणीचा प्रश्न आहे. चार जाणकार बसवले, त्याच वर्षीच्या बिनवादाच्या खरेदीवरचा नफा काढला, तर एका दुपारचं काम.

साहेबांचा हात का थबकतो?

बँकेचा मॅनेजर व्याज सोडतो, कारण कर्ज बँकेचं आहे. आपल्या वस्तूची किंमत कमी करायचा हक्क मालकाला असतो. भाजीवाली शेवटच्या जुडीला पाच रुपये कमी घेते ते याच हक्काने.

कर मात्र अधिकाऱ्याचा नसतो. राज्यघटनेचा २६५ वा अनुच्छेद एका ओळीचा आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही की वसूल करता येणार नाही. ही ढाल नागरिकासाठी आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. कायद्याने लागलेला कर सोडायलाही कायद्याचाच आधार लागतो. अधिकारी हा तिजोरीचा मालक नाही, कारकून आहे. अण्णांना त्याने मनाने दोन लाख सोडले, तर शेजारच्या दुकानदाराने विचारावं, मला का नाही?

म्हणून लवादाची नेहमीची वाट इथे बंद आहे. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी नेमलेला खासगी पंच, ज्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक असतो. कोणते वाद लवादाकडे जाऊ शकतात याचा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ‘विद्या द्रोलिया’ खटल्यात सविस्तर विचार केला, आणि राज्यसंस्था सार्वभौम म्हणून जी कामं करते, त्यांचे वाद खासगी पंचाकडे जाऊ शकत नाहीत असं सांगितलं. कर लावणं हे त्यातलं पहिलं काम. मध्यस्थीची गोष्टही तीच. २०२३ चा मध्यस्थी कायदा देशभर मध्यस्थीला उत्तेजन देण्यासाठी आला, पण कोणत्या वादांत मध्यस्थी नको याची जी यादी त्याला जोडली आहे, तिच्यात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करांची आकारणी, वसुली, दंड आणि परतावा हे सगळं आहे.

कायद्याइतकीच भीतीही आडवी येते. अधिकाऱ्याने ४० लाख धरले आणि पुढे ते अपिलात उडाले, तर त्याला कोणी जाब विचारत नाही. त्याने ५ लाख धरले, तर ऑडिट पथक विचारतं, बाकीचे ३५ लाख का सोडले? आदेश महसुलाच्या हिताला बाधक आहे असं वाटलं, तर वरचे आयुक्त तो पुन्हा उघडू शकतात. कोणी निनावी पत्र टाकलं, तर दक्षता विभागाची चौकशीही लागते. अशा खुर्चीत बसून तुम्ही-आम्ही कोणता आकडा लिहिला असता? त्यात २०२० पासून बहुतेक तपासणी ‘फेसलेस’ झाली. फाईल कोणत्या शहरात, कोणाच्या टेबलावर आहे हेच अण्णांना कळत नाही. भ्रष्टाचाराला आळा बसावा म्हणून ही सोय झाली, ते बरंच आहे. पण चहा मागवून समोरासमोर “हे बघा साहेब” म्हणायची जागाही तिच्याबरोबर गेली.

सही कोणीच करत नाही म्हणून फाईल वर सरकते.

चौकट: फाईल कुठून कुठे जाते?
निर्धारण अधिकारी कर ठरवतात. तो मान्य नसेल तर पहिलं अपील आयुक्तांकडे. हेही खात्यातलेच, पण प्रकरणाबाहेरचे. दुसरं अपील आयकर अपील न्यायाधिकरणाकडे. १९४१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था खात्याबाहेरची आहे आणि वस्तुस्थितीबद्दल तिचाच शब्द साधारणपणे शेवटचा असतो. तिच्यावर उच्च न्यायालय, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच प्रवेश. शेवटी सर्वोच्च न्यायालय. या प्रवासात वसुली थांबवून घ्यायची तर पहिल्याच पायरीवर साधारणपणे वादातल्या मागणीच्या २० टक्के भरावे लागतात. थकलेल्या मागणीवर दरमहा १ टक्का व्याज चढतं. करदाता जिंकला तर त्याला परताव्यावर मिळतं दरमहा अर्धा टक्का.

पहिलं उत्तर: सूत्राने सही करावी

माणूस सही करायला घाबरतो ना, मग माणसाला बाजूला काढा आणि संसदेकडून एक सूत्र मंजूर करून घ्या. ज्याला पटेल त्याने सूत्रात आपले आकडे घालावेत, येईल ती रक्कम भरावी आणि मोकळं व्हावं. अधिकाऱ्याने फक्त बेरीज तपासायची.

फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी सांगितलं, की प्रत्यक्ष करांची ४,८३,००० प्रकरणं वेगवेगळ्या अपिलांत पडून आहेत. त्यांच्यासाठी ‘विवाद से विश्वास’ हा कायदा आला. सूत्र सोपं होतं. वादातला कर पूर्ण भरा, व्याज आणि दंड माफ. मुदत चुकली तर कराच्या ११० टक्के. वाद नुसत्या दंडाचा किंवा व्याजाचा असेल तर त्याच्या २५ टक्के. आणि करदाता खालच्या पायरीवर जिंकलेला असून अपील खात्याने केलेलं असेल, तर या सगळ्याच्या निम्मं. करदात्याने अर्ज करायचा, खात्याने रकमेचा दाखला द्यायचा, पंधरा दिवसांत पैसे भरायचे, की अपील मागे आणि प्रकरण कायमचं बंद. कोविडमुळे मुदती लांबत गेल्या. त्याच धर्तीवरची दुसरी योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून आली, २२ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या अपिलांसाठी.

आता अण्णांचं गणित मांडून बघा. सूत्रानुसार अण्णांनी भरायचे १२,३६,०००. अपिलात जिंकले तर कर १,५४,५०० आणि त्यावरचं व्याज. मग अण्णा योजनेत कशाला जातील? सूत्र आंधळं असतं. बाजू भक्कम असलेला आणि बाजू पोकळ असलेला, दोघांना ते एकच भाव लावतं. त्यामुळे योजनेचा खरा लाभ होतो तो, हरणारच होता अशा माणसाला. त्याचं व्याज वाचतं, दंड वाचतो, खटल्याची भीती जाते. ज्याची बाजू निम्मी-शिम्मी खरी आहे, म्हणजे ज्याला तडजोडीची सगळ्यात जास्त गरज, तो बाहेरच राहतो. थकलेला, आजारी, दुकान मुलाच्या हाती सोपवायच्या बेतात असलेला माणूस मात्र हिशेब न करता पैसे भरतो. डोक्यावरची टांगती तलवार उतरवण्याचीही काही किंमत असतेच.

सगळी सूत्रं इतकी कडक नसतात. २०१९ मध्ये केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सेवा कराच्या जुन्या वादांसाठी ‘सबका विश्वास’ योजना आली. तिथे मूळ करातच सूट होती: अपिलात असलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ७० टक्के, त्यावर ५० टक्के. १,८९,००० हून अधिक प्रकरणं त्यात मिटली. महाराष्ट्राच्या ‘अभय योजना’ याहून सढळ. २०२२ च्या योजनेत व्हॅट आणि जीएसटीपूर्वीच्या इतर करांची १०,००० रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ, आणि १० लाखांपर्यंतच्या थकबाकीत २० टक्के एकरकमी भरले की उरलेली माफ. पुढच्याच वर्षी या मर्यादा २ लाख आणि ५० लाखांवर गेल्या.

हा फरक कशामुळे? माझ्या मते उत्तर तारखेत आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उत्पादन शुल्क, सेवा कर, व्हॅट हे बहुतेक मालापुरते इतिहासजमा झाले. मेलेल्या करावर सरकार उदार असतं. सूट पाहून उद्या कोणी तोच कर बुडवेल ही भीती उरत नाही, आणि जुन्या कायद्यांच्या फायली सांभाळणारी माणसंही मोकळी करायची असतात. चालू करावर मात्र सरकार मूळ रकमेला हात लावत नाही. आयकरात, खात्याची अपिलं सोडली तर, पूर्ण कर घेतला. जीएसटीच्या पहिल्या तीन वर्षांच्या वादांसाठी, जिथे फसवणुकीचा आरोप नव्हता तिथे, २०२४ मध्ये सवलत आली, तीही ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण कर भरणाऱ्यांना फक्त व्याज-दंडाची.

सूत्राचा एक दोष मात्र सगळीकडे सारखा. महाराष्ट्रात २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ अशा आठ वर्षांत चार योजना आल्या. वेळेवर भरणारा व्यापारी शेजाऱ्याकडे बघून काय शिकला असेल? थांबायला शिकला असेल. नगरपालिकेच्या घरपट्टीची शास्ती दर एक-दोन वर्षांनी माफ होते हे कळलं, की पहिल्या तारखेला रांगेत उभा राहणारा माणूस स्वतःलाच खुळा समजू लागतो.

दुसरं उत्तर: तिघांनी मिळून सही करावी

एकट्याला भीती वाटते, पण तिघं असले की धीर येतो. जबाबदारीही वाटली जाते. समितीचं तत्त्व एवढंच.

१९७१ मध्ये माजी सरन्यायाधीश के. एन. वांछू यांच्या समितीने काळ्या पैशाबद्दल अहवाल दिला. त्यात एक व्यवहारी सूचना होती: चुकलेल्या करदात्याला परत यायला एक दार उघडं ठेवा. त्यातून १९७६ मध्ये ‘सेटलमेंट कमिशन’ म्हणजे तडजोड आयोग आला. करदात्याने स्वतः पुढे यायचं, तोवर लपवलेलं उत्पन्न पूर्ण आणि खरं सांगायचं, त्यावरचा कर भरायचा. आयोग चौकशी करून अंतिम आकडा ठरवायचा आणि दंड व खटल्यापासून अभय देऊ शकायचा. आदेश अंतिम, अपील नाही. म्हणजे अण्णांना हवा असलेला मधला आकडा कायद्याच्या चौकटीत बसवणारी ही जागा होती. पुढे दार हळूहळू अरुंद होत गेलं. किमान रकमेच्या अटी आल्या, आयुष्यात एकदाच जाता येईल असा नियम आला. लहान व्यापाऱ्याला ते दार नव्हतंच. छापा पडलेल्या बड्या मंडळींची ही सोय झाली आहे, अशी टीका होत राहिली. १ फेब्रुवारी २०२१ पासून आयोग बंद झाला.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने उलट्या टोकाची संस्था आणली, ‘डिस्प्यूट रिझोल्यूशन कमिटी’. ही लहानांसाठी आहे. विवरणपत्रातलं उत्पन्न ५० लाखांपर्यंत आणि अधिकाऱ्याने सुचवलेली वाढ १० लाखांपर्यंत असेल तरच अर्ज करता येतो. छाप्याची प्रकरणं बाहेर. समितीत तिघं, त्यांतले दोन निवृत्त महसूल अधिकारी आणि एक सेवेत असलेले. समितीला वाढ बदलता येते, दंड कमी किंवा माफ करता येतो, खटल्यापासून सूट देता येते. अर्ज दाखल करून घेतल्यावर साधारण सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. सगळं कामकाज ऑनलाइन.

‘किती’चे वाद मिटवायला ही रचना मला सगळ्यात योग्य वाटते. अडचण उंबरठ्याची आहे. अण्णांची वाढ ४० लाखांची, ते दारातूनच परत फिरतील. गंमत अशी, की अधिकाऱ्याने पहिल्याच आदेशात ९ लाख धरले असते, तर अण्णा समितीकडे जाऊ शकले असते. म्हणजे अधिकारी जितका ताणेल, तितकी तडजोडीची वाट लांब. मर्यादा आकड्याला लावण्याऐवजी वादाच्या प्रकाराला लावली असती, तर हे झालं नसतं. नफा किती टक्के धरायचा, जागेची किंमत किती धरायची, खर्चाचा घरगुती भाग किती, असे मोजणीचे सगळे वाद समितीकडे आणि कायद्याच्या अर्थाचे वाद कोर्टाकडे, अशी वाटणी करता आली असती.

परदेशी कंपन्यांसाठी आणि परदेशातल्या संबंधित कंपनीशी व्यवहार करणाऱ्यांसाठी २००९ पासून तीन आयुक्तांचं वेगळं मंडळ आहे. ते आदेश पक्का होण्याआधीच हरकती ऐकतं. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना ते ओळखीचं आहे, कारण अमेरिकेतल्या मूळ कंपनीने पुण्यातल्या शाखेला कामाचा योग्य मोबदला दिला का, हा त्यांचा दरवर्षीचा वाद. मूळ कंपनी म्हणते, खर्चावर १५ टक्के नफा पुरे. आपलं खातं म्हणतं, २५ हवा. मधले दहा टक्के अमेरिकेतही करपात्र आणि इथेही. सामाईक विहिरीच्या एकाच पाण्याची दोन भावांनी पट्टी वसूल करावी, तसं. अशा वेळी दोन देशांमधल्या कर करारानुसार दोघांचे अधिकारी आपापसात बोलून आकडा ठरवतात. २०१२ पासून तर पुढच्या पाच वर्षांची टक्केवारी खात्याशी आधीच लिहून ठरवता येते. तडजोडीची सही करायला आपले अधिकारी घाबरत नाहीत, ती कायद्याने त्यांच्याकडे सोपवलेली असेल तर, हे इथे दिसतं. पण ही सोय आंतरराष्ट्रीय व्यवहार असलेल्यांची. सांगलीच्या हार्डवेअरवाल्याला पुढच्या पाच वर्षांचा नफ्याचा टक्का कोण लिहून देणार?

तिसरं उत्तर: मध्ये तिसरा बसावा

ब्रिटनच्या करखात्याने साधारण २०११ पासून प्रयोग सुरू केले आणि २०१३ पासून लहान करदात्यांनाही मध्यस्थीची सोय दिली. मध्यस्थ करखात्याचाच कर्मचारी असतो, मात्र मध्यस्थीचं प्रशिक्षण घेतलेला आणि त्या प्रकरणाशी संबंध नसलेला. आपल्याकडे हे ऐकून लोक हसतील: खात्याचा माणूस आणि तटस्थ? पण त्याचं काम निवाडा देणं नाहीच. दोघांना एका टेबलाशी बसवायचं, कोणता कागद पाहिला गेला नाही, कोणतं वाक्य उलटं समजलं गेलं, हे शोधायचं. बरेच करवाद कायद्याचे नसतातच. मागितलेला कागद एक, दिलेला दुसरा, मग दोन वर्षं दोघंही एकमेकांना तेच पत्र पाठवत बसतात. मात्र निम्मं-निम्मं करून टाकू, ही भाषा तिथेही चालत नाही. एखादा मुद्दा हो किंवा नाही असाच असेल, तर खात्याचं लेखी धोरण सांगतं की मधला आकडा घ्यायचा नाही.

पोर्तुगालने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आर्थिक संकटाच्या काळात तिथली करन्यायालयं तुंबली होती. २०११ च्या कायद्याने लिस्बनमधल्या एका केंद्राकडे कराचे वाद चक्क लवादासाठी देता येऊ लागले. करदात्याने ही वाट निवडली, की एक कोटी युरोंपर्यंतच्या वादात करखात्याला नाही म्हणता येत नाही. लहान प्रकरणाला एक पंच, मोठ्याला तीन. निर्णय साधारण सहा महिन्यांत, आणि तो सगळ्यांना वाचायला प्रसिद्ध होतो. सार्वभौम अधिकार खासगी पंचाकडे कसा, या आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या शंकेला पोर्तुगीजांनी दिलेलं उत्तर कायद्याच्या एका कलमात आहे: पंचांनी कायद्यानुसारच निकाल द्यायचा, ‘न्याय्य वाटलं म्हणून’ द्यायला मनाई. थोडक्यात, पंचालाही मधला आकडा काढता येत नाही. बदलतं ते न्यायाधीशाचं आसन आणि घड्याळ.

आणि ‘हे आपल्या मातीत रुजणार नाही’ असं कोणी म्हटलं, तर बार्डोलीची आठवण करून द्यावी. मुंबई इलाख्यातल्या त्या तालुक्यात सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ चा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे, वल्लभभाईंना ‘सरदार’ ही पदवी तिथेच मिळाली. तो मिटला कसा, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. १८७६ च्या कायद्याने साऱ्याच्या आकारणीचे वाद दिवाणी कोर्टात नेण्याची सोयच ठेवली नव्हती. शेवटी चौकशी समिती नेमण्यावर तोड निघाली. तिच्यात ब्रूमफील्ड हे न्यायखात्यातले आणि मॅक्सवेल हे महसुलातले अधिकारी. हेच ब्रूमफील्ड सहा वर्षांपूर्वी गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होते. दोघं गावोगाव फिरले, खंडाचे कागद तपासले, आणि २२ टक्क्यांच्या जागी सुमारे ६ टक्के वाढ योग्य ठरवली. वाद ‘किती’चा होता, आणि दोन माणसांनी शेतात जाऊन तो मोजला. सरकारची सार्वभौमता काही बुडाली नाही.

सही परक्याने केली तेव्हा

लवादाची वाट घरात बंद ठेवली, तरी ती बाहेरून उघडते हे भारताला महागात कळलं. २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसनचा भारतातला मोबाइल व्यवसाय सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. व्यवहार झाला परदेशी कंपनीच्या शेअरांचा, पण मालमत्ता इथली. खात्याने कर मागितला. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली, २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनची. त्यानंतर काही महिन्यांतच सरकारने कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला.

मग व्होडाफोनने नेदरलँड्सबरोबरच्या गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. डिसेंबरमध्ये केर्न कंपनीच्या प्रकरणातही तेच झालं, तिथे १.२ अब्ज डॉलर आणि व्याज द्यायला सांगितलं. वसुलीसाठी केर्नने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर फ्रेंच न्यायालयाकडून टाच आणवली. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने जुन्या व्यवहारांपुरती ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली. कंपन्यांनी दावे सोडायचे, सरकारने घेतलेला कर बिनव्याजी परत करायचा. देशातल्या एकाही अधिकाऱ्याने ज्यावर सही केली नसती, तो आकडा तीन परक्या पंचांनी लिहिला, आणि मग संसदेला कायदा करून तो प्रश्न सोडवावा लागला.

सहीविना मिटणारी भांडणं

भारतात कोर्टाबाहेर प्रकरणं मिटवण्याचा आणखी एक उपाय आहे, पण त्याला कोणी तडजोड म्हणत नाही. खात्याने अपीलच करायचं नाही. हरलेल्या प्रकरणातला कर ठरावीक रकमेपेक्षा कमी असेल, तर वर जायचं नाही, असा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश असतो. न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठीची ही मर्यादा २०१५ मध्ये १० लाख होती, २०१८ मध्ये २० लाख, २०१९ मध्ये ५० लाख, आणि सप्टेंबर २०२४ पासून ६० लाख आहे. उच्च न्यायालयासाठी २ कोटी, सर्वोच्च न्यायालयासाठी ५ कोटी. मर्यादा वाढताच सर्वोच्च न्यायालयातली प्रत्यक्ष करांची ५७३ प्रकरणं एका झटक्यात निकाली निघाली. आदेशाला अपवाद आहेत, आणि बोगस व्यवहारांच्या काही प्रकारांत खातं रक्कम न पाहताही वर जातं. पण अण्णांचं प्रकरण त्या अपवादांत बसलं नाही असं धरू.

समजा २०१९ च्या अखेरीस न्यायाधिकरणाने अण्णांना साडेबारा टक्के लावले. खातं १०,८१,५०० रुपयांना हरलं. पुढची पायरी उच्च न्यायालयाची, तिथली मर्यादा तेव्हा एक कोटीची, म्हणजे ही रक्कम तिच्या जवळपासही नाही. कोणीतरी फाईलवर ‘कर मर्यादेखाली, अपील नको’ असा शेरा मारला. त्याला कोणी जाब विचारणार नाही, कारण आकडा त्याने ठरवलेला नाही.

अण्णा सीएला म्हणाले, “हाच आकडा मी पहिल्या दिवशी सांगत होतो.”

“हो,” तो म्हणाला, “आता व्याजाचा चेक लिहा.”